पाच पंचवीसची जागा

रामदास,

तुझी बातमी मी लिहिली नाही. पेपरच्या डेस्कवरून फोन आला तेव्हा मी अकोल्यात तुझ्या घरासमोर, शेजाऱ्यांनी घाईत बांधलेल्या कापडाच्या सावलीत उभा होतो. पलीकडचा उपसंपादक नवा होता. त्याला शंभर शब्द हवे होते. कोणत्या साली नोकरीला लागला, कोणते फोटो गाजले, मागे कोण आहे. हा साचा त्या डेस्कवर मीच लावून दिला होता. मी म्हणालो, दुसऱ्या कुणाला विचारा. त्याने विचारलं. दुसऱ्या दिवशी बातमी आली, वय दोन वर्षांनी चुकलेलं, सोबत ओळखपत्रावरचा फोटो. आयुष्यभर लोकांचे फोटो काढलेस, स्वतःचा एक धड ठेवला नाहीस. मी चूक कळवली नाही. असं पहिल्यांदाच झालं.

तू गेल्याला आज सतरा दिवस झाले. पोरांचं गाणं पुरं झालं, हे तुला सांगायचं आहे. ते कसं झालं हेही सांगायचं आहे, आणि क्रमाने सांगणार आहे, कारण दुसऱ्या पद्धतीने मला सांगता येत नाही. तू असतास तर मधेच तोडून म्हणाला असतास, 'संपादक, शेवट सांग ना बे.' मी संपादक कधीच नव्हतो. उपसंपादक म्हणूनच निवृत्त झालो. पण तू मला कधी दुसरी हाक मारली नाहीस.

कॉलेजात मी आठवड्यातून दोन दिवस शिकवायला जातो. शेवटच्या वर्षाच्या मुलांना एका गाण्याचा व्हिडिओ करायचा होता. गटाची प्रमुख संघमित्रा. गाणं तिनेच लिहिलेलं, वऱ्हाडीत, तीन कडवी. पहिलं संत्र्याच्या बागेचं, कारण तिचं आजोळ शेंदूरजनाघाटकडचं. दुसरं शेताकडे जाणाऱ्या पांदणीचं. तिसरं आईचं.

ऊन उतरलं का माय येते,
वाट तिचे पाय मोजत रायते.

सगळं उघड्यावर चित्रित करायचं, असं तिने ठरवलं होतं. जागा निवडायला अनुभवी माणूस हवा म्हणून मी तुला फोन केला. तू म्हणालास, "पोट्टी कोनती जागा मागून राहिली ते नको सांगू. गाणं कोनासाठी आहे ते सांग."

आईसाठी, मी म्हणालो.

"मंग माय कुठी आहे?"

आई कॅमेऱ्यासमोर यायला तयार नाही, हे मी तुला सांगितलं. संघमित्राने दोनदा विचारलं होतं, आईने दोनदा नाही म्हटलं होतं. तिसऱ्या कडव्यात दुसरी कुणी बाई उभी करू, असं गटातल्या एकाने सुचवलं, तेव्हा संघमित्रा म्हणाली होती, "मंग ते गाणं खोटं होते." एवढं बोलून ती वर्गाबाहेर गेली होती. हेही सांगितलं.

"काहून नाही म्हणते माय?" तू विचारलंस.

ते मी विचारलं नव्हतं.  माझी बातमी अपुरी असली की तू नेमकं तेवढंच विचारायचास.

*

बागेची गोष्ट आधी लिहून टाकतो, कारण चूक माझी होती.

बागेत पहिल्यांदा गेलो तेव्हा झाडं लगडलेली होती. फांद्या मोडू नयेत म्हणून बांबूचे टेकू दिलेले. संघमित्राने आल्याआल्या ठरवलं की मागे सगळं नारिंगी दिसलं पाहिजे. बागेचे मालक तिच्या मामाच्या ओळखीचे. मी घरूनच कागद लिहून नेला होता, 'आमच्या बागेत चित्रीकरणास हरकत नाही.' त्यांनी सही केली. मी कागद फाइलला लावला. तू तोवर कॅमेरा पिशवीतून काढलाही नव्हतास. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसून डायरीत काहीतरी लिहीत होतास. मग मालकांना विचारलंस, "काका, हे बागेचं झालं. फळ कोनाचं?"

मला तो तुझा विनोद वाटला.

"फळ त व्यापाऱ्याचं हाये," मालक म्हणाले. "दसऱ्याच्या आंधीच देल्लं."

"तोडनार कवा?"

"तो येईन तवा तोडीन. मले थोडी ईचारते तो?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, लेखी परवानगी आहे. तू म्हणालास, "संपादक, जमिनीची घेतली. संत्र्याची राहिली." व्यापाऱ्याचा नंबर घे, असंही तू म्हणालास. मी घेतला, पण फोन केला नाही. सही केलेला कागद हाती असताना आणखी कुणाला विचारायचं असतं, हे माझ्या डोक्यात कधी शिरलं नाही.

दहा दिवसांनी चित्रीकरणाला गेलो तर झाडांवर एक फळ नव्हतं. क्रेट भरून गाडी आदल्या दिवशी गेलेली. खाली क्रेटमध्ये घालायचं तणस, पानं, काही फुटलेली संत्री. फांद्या हलक्या होऊन वर गेल्या होत्या आणि टेकू तसेच उभे होते, कशालाही न टेकता. संघमित्रा साडी नेसून आली होती, मामीची, नारिंगीसमोर उठून दिसेल अशी निवडलेली. ती धुऱ्यावर बसून राहिली. मी फाइल उघडून तो कागद पाहिला. तो बरोबर होता.

तू बागेतून एक चक्कर मारून आलास. म्हणालास, "ऊठ वो पोरी. फळ असतं त तुह्याकडे कोनी पाह्यलं नसतं. ह्या बांबूंतून चाल." ती चालली. पहिल्या कडव्यात आता तेच आहे. रिकाम्या टेकूंची रांग आणि तिच्यातून चालणारी मुलगी.  परतताना गाडीत तू एका शब्दाने माझी चूक काढली नाहीस. संत्रं सोलून अर्धं मला दिलंस. पडलेल्यांतलं होतं. व्यापाऱ्याच्या माणसाला विचारून घेतलं, असं मुद्दाम सांगितलंस.

*

तुझी ती डायरी.

तिच्यात तू काय लिहितोस हे मला माहीत होतं, निदान तसं वाटत होतं. जागेवर गेलास की आधी बसायचास. किती वाजले. ऊन कोणत्या गालावर येतं. आवाज कशाचा आहे. आणि खाली तिथे भेटलेल्या माणसांची नावं. जागेचं नाव कधीच नाही. बागेतल्या त्या दिवशी संघमित्राने विचारलं, काका, गावाचं नाव नाही टाकलं? तू म्हणालास, "गावाचं नाव पाटीवर रायते. मानसाचं ईचारा लागते."

तिला ते आवडलं. मला मात्र ते माझ्यावर मारलेला टोमणा वाटला, आणि त्याला कारण होतं.

कारण जुनं आहे. तुझा एक फोटो होता. कापूस वेचून परतणाऱ्या बाया, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या, सगळ्यांनी पदर तोंडावर घेतलेला, एकीने नाही. पहिल्या पानावर जाणार होता. मी फोटोखालची ओळ लिहायला नावं मागितली. तुझ्याकडे नव्हती. मी म्हणालो, नाव नसेल तर जाणार नाही. तू म्हणालास, "अरे, चालती ट्रॉली होती. पळू काय मांगं?" मी म्हणालो, पळायचं. तो फोटो गेला नाही. त्या जागी एका उद्घाटनाचा गेला, त्यातल्या सगळ्यांची नावं होती. आठ दिवस तू माझ्याशी बोलला नाहीस. नवव्या दिवशी आलास तेव्हा खिशात डायरी होती. मला दाखवून खिशात घातलीस. मी समजलो, राग आहे, आणि तो आता आयुष्यभर खिशात राहणार.

नियम बरोबर होता. आजही मी तोच सांगेन. पण त्या वर्षात आपल्या पानांवर त्याहून चांगला फोटो आला नाही, हे मला त्या संध्याकाळीच कळलं होतं. ते तुला सांगायचं राहिलं. सांगायला वेळ नव्हता असं नाही. वेळ भरपूर होता.

*

आता मूर्तिजापूर.

तिसऱ्या कडव्याला जागा मिळत नव्हती. जमा करायची तारीख जवळ आली होती. मी शकुंतला रेल्वेच्या बंद मार्गावरचं एक छोटं स्टेशन सुचवलं. अरुंद रूळ गवतात गेलेले, खोलीला कुलूप, एक बाक. आई नाही तर रिकामा बाक दाखवू. न येणारी गाडी, न येणारी आई. हे मी वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावलं होतं आणि मुलांनी वहीत उतरवून घेतलं होतं. मूर्तिजापूर तुला अकोल्याहून आणि आम्हाला अमरावतीहून सारखंच सोयीचं, म्हणून तिथे भेटून पुढे रिक्षाने गेलो.

स्टेशनच्या बाकावर एक म्हातारा बसलेला होता. आम्हाला पाहून त्याने बूड हलवलं नाही.

"गानं काय?" त्याने विचारलं.

"हो आबाजी," संघमित्रा म्हणाली.

"तुमच्या आंधी तीन झाले अठी. एका पोट्टीनं त त्या खांबाले मिठी मारली होती. दिवसभर. मले उठवलं, म्हने आबा तुमी फोटोत येता. मी म्हटलं, मी रोजच येतो बापा, तूच आज आली."

तू खूप हसलास. त्याच्या शेजारी बसलास, नाव विचारलंस, लिहिलंस. अर्धा तास तुम्ही दोघं तूर कशी आहे यावर बोललात. मी तोवर पावलं टाकून अंतरं मोजली आणि बाकाचा कोन ठरवला. मग तू उठून म्हणालास, "जागा चांगली आहे. पन आपली नाही."

का, ते तू तिथे सांगितलं नाहीस. परतीच्या रिक्षात तू संघमित्राशीच बोलत होतास. माय कुठं कामाले जाते? नांदगाव पेठेला, कापडाच्या कारखान्यात. कोनत्या पाळीत? दिवसाच्या, पाचले सुट्टी होते. कशी येते घरी? समद्या जनी रस्त्यावर उभ्या रायतात, मंग ॲटो येते. तिला मी दोन महिने शिकवत होतो. यातलं मला काहीही माहीत नव्हतं.

उतरताना तू तिला एक गोष्ट सांगितलीस, "शेवटच्या ओळीले वाजप बंद कर. जागेचा आवाज राहू दे." तिने मान हलवली.

वाद झाला तो नंतर, मूर्तिजापूरच्या फलाटावर. मुलं चहा प्यायला गेली होती. आपण दोघं आलूबोंडे खात उभे होतो. तुझी गाडी अकोल्याकडची, आमची बडनेऱ्याकडची. तू म्हणालास, नांदगाव पेठ. मी म्हणालो, औद्योगिक वसाहत आहे, चित्रीकरणाला लेखी परवानगी लागेल, ती या आठवड्यात मिळणार नाही.

"गेटच्या आत लागते. रस्त्याले कोनाची परवानगी?"

आणि आई नाही म्हणाली आहे, मी म्हणालो. तिसऱ्यांदा विचारणं योग्य नाही.

"तिले काय ईचारलं ते ईचारलं का तू? पोट्टीनं म्हटलं असंल, माय, चांगली साडी नेस, बागेत चाल. कोन हो म्हनीन?"

मी पुन्हा रिकाम्या बाकाची कल्पना सांगू लागलो. तू आलूबोंड्याचा कागद चुरगळलास.

"न येनारी माय म्हनून राहिला तू. तिची माय येते ना बे. रोज येते. पाचले सुटते, पायाले सूज घेऊन येते. अन् तू तिले न येनारी करून राहिला, काहून की बाक चांगला दिसते."

 मी म्हणालो, तुला जागा नको असते, वाद हवा असतो. फोटो काढून तू मोकळा होतोस, निस्तरायचं डेस्कला असतं.

तुझी गाडी लागली होती. तू चढलास, दारात वळून विचारलंस, "म्हाताऱ्याचं नाव लिहिलं काय, संपादक?"

मी लिहिलं नव्हतं. तू हात हलवलास. तो निरोपाचा होता की 'राहू दे'चा, ते मी सांगू शकत नाही. गाडी गेली. हे आपलं शेवटचं.

*

त्यानंतर आठव्या दिवशी सकाळी वहिनींचा फोन आला. घरीच, चहा घेताना. जास्त त्रास झाला नाही, असं त्या म्हणाल्या. असं सांगणारे नातेवाईक मी पुष्कळ ऐकले आहेत आणि त्यांचं वाक्य तसंच छापलं आहे. या वेळी ते खरं असावं, असं वाटलं.

चौथ्या दिवशी मी पुन्हा अकोल्याला गेलो. वहिनींनी तुझी कॅमेऱ्याची पिशवी समोर ठेवली. म्हणाल्या, "गेल्या हप्त्यात कुठी गेले होते तुमी दोघं? सकाळीच एसटीनं निंगाले, दिवस बुडाल्यावर आले. गुडघा हा असा. म्हटलं, कुठी? म्हने, संपादकाचं काम आहे."

मी कुठेही गेलो नव्हतो. तसं मी त्यांना सांगितलं नाही.

पिशवीत डायरी होती. शेवटून दुसऱ्या पानावर मूर्तिजापूर, म्हणजे मूर्तिजापूर असं कुठेच नाही. अकरा दहा. ऊन डोक्यावर. आवाज होला पाखराचा. शामराव. शेवटच्या पानावर एवढंच: पाच पंचवीस. ऊन डाव्या गालावर. आवाज ट्रकचा, मधेच बंद होतो, मग बायांचा. आणि खाली चार नावं. वच्छला, सुनंदा, ताहेरा, बेबी. वच्छलासमोर तू बारीक खूण केली होतीस.

वहिनींना विचारून डायरी घेतली. एसटी, गुडघा, शंभराहून जास्त किलोमीटर, आणि चारच दिवसांनी तू गेलास, हे एका ओळीत लिहिण्याचा मोह होतो. लिहीत नाही. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एक दुसरीचं कारण होत नाही, हे मी नव्या मुलांना शिकवत आलो. वहिनींनीही तसं काही म्हटलं नाही. बडनेऱ्यापर्यंत मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं, इतकंच.

दुसऱ्या दिवशी वर्गात डायरी संघमित्राच्या हातात दिली. काकांनी शेवटची कोणती जागा पाहिली ते यात आहे, पण गावाचं नाव नाही, असं म्हणालो. खरं तर जागा कोणती असावी ते मी ओळखलं होतं. वाद कशावर झाला ते मला आठवत होतं. पण खात्री नव्हती, आणि तिने सांगावं असं वाटत होतं.

तिने वाचलं. एका नावावर बोट ठेवलं.

"सर, वच्छला माही माय."

मग म्हणाली, "ताहेराबाजी तिच्याच लाईनीतल्या. बेबीमावशी आमच्या वस्तीतली." थोड्या वेळाने, "काका गेले होते? तथी? तिनं घरी सांगतलंच नाही मले."

आज घरी विचारून घे, मी म्हणालो. ती नाही म्हणाली. "ईचारलं त पुन्ना नाही म्हनीन. आपन सरळ तथीच जाऊ, सर. काकांनी खूण केली आहे ना."

खुणेचा अर्थ काय ते आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं. संमतीची असेल, नकाराचीही असेल. जमा करायला तीन दिवस उरले होते. मी कोणताही कागद लिहून नेला नाही.

*

नांदगाव पेठेला आम्ही त्याच दिवशी पाचला पोचलो. वसाहतीतून हमरस्त्याला लागणारा फाटा. एक बंद टपरी, दोन कडुनिंब, ट्रकांनी खोलवलेली रस्त्याची कड. पाहण्यासारखं तिथे काहीही नाही. मी बातमीदार पाठवला असता आणि त्याने या जागेचा फोटो आणला असता, तर परत पाठवला असता.

मी तुझ्यासारखं बसून पाहिलं. पाच पंचवीसला ऊन कडुनिंबाखालून आडवं आलं. फाट्यावर वळताना ट्रक वेग कमी करतात, तेव्हा क्षणभर रस्ता शांत होतो. आणि त्या शांततेत बाया आल्या. दहा-बारा असतील, बोलत, एकमेकींना ढकलत, केसांत कापसाचे तंतू. उन्हाने ते तंतू प्रत्येकीच्या डोक्याभोवती पेटल्यासारखे दिसत होते. तू काय पाहिलंस ते मला तेव्हा कळलं. आठ दिवस उशिरा.

वच्छलाबाईंनी मुलीला पाहिलं, कॅमेरा पाहिला, मग मला पाहिलं.

"आली काय तू," त्या मुलीला म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. नजर आमच्या मागे कुणाला तरी शोधत होती. "अन् ते फोटोवाले दादा कुठी आहेत? त्यायनं म्हटलं होतं, पोरीले आत्ताच नका सांगू, मी येतो घेऊन. ते येनार म्हनून मी हो म्हटलं."

संघमित्रा माझ्याकडे पाहू लागली.

रामदास, माणूस गेला हे मी हजारो वेळा लिहिलं असेल. दीर्घ आजाराने, अल्पशा आजाराने, राहत्या घरी. वाक्य तयार असतं, नाव घालायचं. तिथे रस्त्यावर ते मला जुळेना. शेवटी म्हणालो, "ते नाहीत आता."

 शेजारच्या बाईने तोंडाला पदर लावला. ताहेरा त्याच असाव्यात. पुटपुटत दुवा म्हणाल्या. ट्रक गेला. मग वच्छलाबाई बोलल्या.

"गुडघा धरून उभे होते ह्या झाडाखाली. मी म्हटलं, दादा, बसा, दुखून राहिलं तुमचं. त मलेच म्हने, बाई, तुमचं नाव काय? मी म्हटलं, कायले पायजे माहं नाव? पोरगी म्हनते नवी साडी नेस, बागेत चाल, मले नाही जमत ते. त म्हने, साडी नको, बाग नको, रोज उभ्या रायता तशा उभ्या राहा. पन नाव सांगा. माहा एक साहेब आहे, नाव नसलं त छापत नाही."

आजूबाजूच्या दोघीतिघी हसल्या. त्यांनी ते आधी ऐकलं असावं.

"लय कडक आहे म्हने," वच्छलाबाई म्हणाल्या. "पन त्याच्यामुळंच मले नाव ईचाराची सवय लागली, असं सांगत होते. नाही त म्हने, मी नुसते चेहरे घेऊन पळालो असतो." त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. "तुमीच काय ते साहेब?"

"हो," मी म्हणालो.

इतकी वर्षं ती डायरी मी राग समजत आलो होतो. तू कधी सांगितलं नाहीस. मी कधी विचारलं नाही. चुकीची बातमी एवढी वर्षं माझ्याकडे पडून होती आणि मी एकदाही तुझ्याकडून ती पडताळून घेतली नाही.

व्हिडिओ वेळेत जमा झाला. शेवटच्या पाटीवर नावं आहेत. वच्छला, सुनंदा, ताहेरा, बेबी आणि त्या दिवशी उभ्या असलेल्या इतर सगळ्या. एकीने आडनाव नको म्हटलं, ते घातलेलं नाही. वर स्टेशनच्या बाकावरचे शामरावही आहेत, त्यांचं दृश्य नसताना. संघमित्राचा तो हट्ट होता. तुझं नाव पहिल्या ओळीत, 'जागा' या शब्दापुढे एकटं. शुद्धलेखन मी तपासलं. बाकी त्या पाटीला हात लावला नाही.

पण ते नंतरचं. त्या वेळी ऊन खाली जात होतं. वच्छलाबाईंनी ॲटोच्या रस्त्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं, चपलेची धूळ झाडली. म्हणाल्या, "चाल मंग. त्यायले हो म्हटलं होतं मी." केसांतले तंतू काढायला हात वर नेला आणि संघमित्रा म्हणाली, "राहू दे, माय." त्यांनी हात खाली घेतला. खांद्यावरची डब्याची पिशवी काढून माझ्यापुढे धरली.

"धरा हे, साहेब."

मी धरली. त्या मैत्रिणींमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, रोज राहतात तशा. संघमित्राने कॅमेरा सुरू केला आणि हात वर केला. तुझ्या सांगण्याप्रमाणे तिथला खरा आवाज घ्यायचा होता. किती वाजले ते मी पाहिलं नाही, डायरीही खिशातून काढली नाही. पिशवीतल्या रिकाम्या डब्यात चमचा होता. जरा हललो की तो वाजला असता. म्हणून तिने हात खाली करेपर्यंत मी हललो नाही.